गुडघ्याची गोळी बंद झाली, आता काय?

सप्टेंबर २००४ मध्ये रोफेकॉक्सिब ही सांधेदुखीवरची गोळी मर्क कंपनीने जगभरातून मागे घेतली. दीड वर्षाहून अधिक काळ ती घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचा धोका दुपटीच्या आसपास आढळला होता. डिसेंबरात भारतातही बंदी आली. त्यानंतर गोराईच्या एक आजी फेरीबोटीने खाडी ओलांडून माझ्याकडे आल्या. "गोळीशिवाय मासळीची पाटी कशी उचलू?" दुकानदाराने त्यांना 'तशीच दुसरी' दिली होती, वाल्डेकॉक्सिब. जुलै २००५ मध्ये तिच्यावरही बंदी आली!

औषध बंद झाले की 'तसेच दुसरे' मागू नये; ते बहुधा त्याच घराण्यातले असते. आधी दुखणे कोणते ते ठरवावे. सकाळी तासभर सांधे आखडत असतील, बोटे सुजत असतील तर तो आमवात असू शकतो. तिथे नुसत्या वेदनाशामकाने सांधे वाचत नाहीत. मेथोट्रेक्सेटसारखे औषध लागते, तेही आठवड्यातून एकदाच आणि वेळोवेळी रक्त तपासून. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते. बिननावाची पुडी तर नकोच, तीत स्टिरॉइड असू शकते.

आजींची होती गुडघ्याची झीज. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा आकडे मोजून खाली घ्यायचा. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. वरून डायक्लोफिनॅकचे जेल. रक्तदाब वाढलेला निघाला, म्हणून फार दुखेल त्या दिवशी फक्त पॅरासिटामॉल. पाटी मात्र सुनेकडे गेली, हे त्यांना मुळीच रुचले नाही.