मुखचित्रासाठीं लेन्सची निवड

मनुष्याच्या चेहऱ्याचें छायाचित्र काढणें हें दिसावयास सोपें, परंतु साधावयास कठीण असें काम आहे. डोंगर, इमारत किंवा झाड यांचें चित्र आज बिघडलें तर उद्यां पुन्हां काढतां येतें. पण सायंप्रार्थनेच्या वेळचा वृद्ध आजीचा चेहरा, किंवा नाताळच्या रात्रीं मेणबत्तीच्या उजेडांत गाणाऱ्या धाकट्या भावाची मुद्रा, ही एकदां हुकली म्हणजे हुकलीच. पुष्कळ घरांत एखादें माणूस निवर्तल्यावर भिंतीवर लावण्याजोगें त्याचें एकहि चित्र सांपडत नाहीं, आणि मग कोणाच्या तरी लग्नाच्या गर्दींतून त्याचा अस्पष्ट चेहरा कापून मोठा करून घ्यावा लागतो. म्हणून अशा चित्रांसाठीं लेन्स कोणती घ्यावी हा प्रश्न केवळ हौसेचा नव्हे. शिवाय त्यांत वडिलांच्या कष्टाचा पैसाहि गुंतलेला असतो. दुकानांत दोन-तीन लेन्स शेजारीं शेजारीं मांडलेल्या असतात. दिसावयास सारख्या, वरील अंकांत किंचित् फरक, आणि किंमतींत मात्र मोठी तफावत. मुलगा महाग लेन्सवर बोट ठेवतो, वडील स्वस्त लेन्सवर. दोघांनींहि अगोदर त्या अंकांचा अर्थ समजून घ्यावा, एवढ्याचसाठीं हा लेख आहे.

ही अडचण छायाचित्रणकलेइतकीच जुनी आहे. १८३९ सालीं दागेर ह्या फ्रेंच गृहस्थाची कृति जाहीर झाली, तेव्हां लेन्समधून इतका थोडा प्रकाश आंत जाई कीं, चित्र उमटण्यास कित्येक मिनिटें लागत. इतका वेळ जिवंत मनुष्यानें निश्चल कसें बसावें? पुढच्याच वर्षीं व्हिएन्ना येथील गणिताचे प्राध्यापक योसेफ पेट्झवाल यांनीं गणितानें मांडणी करून मुद्दाम मुखचित्रासाठीं रुंद छिद्राची लेन्स आंखली, आणि मिनिटांचें काम सेकंदांवर आलें. अंधारावर मात करण्यासाठीं छिद्र रुंद करावयाचें हा मार्ग तेव्हांपासून चालत आला आहे. आज आपण ज्यांस प्राइम लेन्स म्हणतों, म्हणजे ज्यांचें नाभ्यंतर एकच व स्थिर असतें अशा लेन्स, त्यांचाहि मोठेपणा ह्यांतच आहे.

लेन्सवर दोन अंक असतात. उदाहरणार्थ, ‘५० मिलिमीटर, एफ १.८’. पहिला अंक नाभ्यंतराचा. दुसरा अंक हा भागाकार आहे: नाभ्यंतरास छिद्राच्या व्यासानें भागलें म्हणजे तो निघतो. अर्थात् एफ १.८ असलेल्या ५० मिलिमीटरच्या लेन्सचें छिद्र सुमारें २८ मिलिमीटर रुंद, व एफ १.४ असलेल्या लेन्सचें सुमारें ३६ मिलिमीटर रुंद. अंक लहान तितकें छिद्र मोठें, हें विद्यार्थ्यांनीं पक्कें ध्यानांत ठेवावें. प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर, अवलंबून असतो. तो हिशेब केला म्हणजे एफ १.८ मधून १०० भाग प्रकाश येत असेल, तर एफ १.४ मधून सुमारें १६५ भाग येतो, असें दिसून येईल.

आतां हा लाभ लहान कीं मोठा, हें ठरविण्यास एक तुलना घ्यावी. नवशिक्यास कॅमेऱ्याबरोबर बहुधा १८ ते ५५ मिलिमीटरची झूम लेन्स मिळते. तिच्या ५५ ह्या टोंकास छिद्राचा अंक ५.६ असतो. तिच्या जागीं एफ १.८ ची साधी प्राइम लेन्स लावली तर प्रकाश जवळ जवळ दहापट होतो. म्हणजे झूमकडून स्वस्त प्राइमकडे जाण्यांत दहापट लाभ, आणि स्वस्त प्राइमकडून महाग प्राइमकडे जाण्यांत दीडपटीहून थोडा अधिक. पहिली पायरी उंच आहे व तिला पैसे थोडे पडतात. दुसरी पायरी ठेंगणी आहे व तिला पैसे फार पडतात. आमच्या मतें निवडीचें निम्मेंअधिक मर्म ह्या एका गोष्टींत आहे.

उरलेलें मर्म नाभ्यंतरांत आहे. ५० मिलिमीटर घ्यावी कीं ८५, हा प्रश्न वास्तविक “उभें कोठें राहावयाचें?” असा आहे. चेहऱ्याचा डौल लेन्सवर नव्हे, तर कॅमेरा व मनुष्य यांमधील अंतरावर अवलंबून असतो. नाकाचें टोंक व कान यांमध्यें १० सेंटिमीटरांचें अंतर धरूं. कॅमेरा नाकापासून ४० सेंटिमीटरांवर असेल तर कानांच्या मानानें नाक २५ टक्के फुगलेलें दिसतें. तोच दीड मीटरवर नेला तर हा फरक ७ टक्क्यांच्या आंत येतो. म्हणून मुखचित्र फार जवळून काढूं नये. जिचें नाभ्यंतर मोठें ती लेन्स आपोआपच आपणांस मागें सरावयास लावते, एवढाच तिचा गुण.

परंतु मागें सरावयास जागा पाहिजे. नवशिक्यांच्या पुष्कळ कॅमेऱ्यांतील संवेदक सुमारें २४ मिलिमीटर लांब व १६ मिलिमीटर रुंद असतो. अशा कॅमेऱ्यावर डोकें व खांदे धरून सुमारें ७० सेंटिमीटरांचा भाग उभ्या चौकटींत बसवावयाचा, तर ५० मिलिमीटरच्या लेन्सला दीड मीटर अंतर लागतें व ८५ मिलिमीटरच्या लेन्सला अडीच मीटर. दहा फुटांच्या खोलींत खाट, कपाट व भिंत सोडून अडीच मीटर मिळणें कठीण. दीड मीटर सहज मिळतो. ३६ व २४ मिलिमीटर मापाचा मोठा संवेदक असेल, तर हींच अंतरें सुमारें एक मीटर व १.६५ मीटर होतात; तेथें ८५ मिलिमीटरची लेन्स मुखचित्रास अधिक शोभते. सारांश, मित्रानें कोणती घेतली हें पाहूं नये. आपला संवेदक केवढा व आपली खोली केवढी हें पाहावें.

रुंद छिद्राची किंमत केवळ पैशांत द्यावी लागते असें नाहीं. छिद्र जितकें रुंद, तितका चित्रांतील स्पष्ट भागाचा थर पातळ. मोठ्या संवेदकावर वर सांगितलेल्या मापाचें मुखचित्र एफ १.८ नें काढलें तर हा थर सुमारें ४ सेंटिमीटर असतो, एफ १.४ नें सुमारें ३ सेंटिमीटर. चेहरा जरा वळला कीं एक डोळा स्पष्ट व दुसरा धूसर. १९७५ सालच्या ‘बॅरी लिंडन’ ह्या चित्रपटांत स्टॅन्ले क्यूब्रिक यांनीं मूळ नासासाठीं बनविलेली झाइसची एफ ०.७ लेन्स वापरून मेणबत्त्यांच्या उजेडांत प्रवेश चित्रित केले. पण स्पष्ट थर अतिशय पातळ असल्यामुळें नटांना हालचाल बेतानेंच करावी लागली. घरांत आजी व नातू यांचें एकत्र चित्र घ्यावयाचें, तर दोघांचे चेहरे स्पष्ट येण्यास छिद्र २.८ किंवा ४ पर्यंत लहान करावें लागतें, आणि मग एफ १.४ साठीं मोजलेला जादा पैसा त्या चित्रापुरता तरी निरुपयोगी ठरतो.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. निकॉन कंपनीची ५० मिलिमीटर एफ १.४ जी ही लेन्स २००८ सालीं निघाली. तिचें वजन २८० ग्रॅम. एफ १.८ जी ही २०११ सालीं निघाली. तिचें वजन १८५ ग्रॅम. पहिलींत छिद्राचीं पातीं नऊ, दुसरींत सात. म्हणून छिद्र थोडें लहान केल्यावर मागील दिव्यांचे ठिपके पहिलींत अधिक वाटोळे येतात. उलट, प्रकाशकिरणांतील दोष आवरण्यासाठीं अगोलीय पृष्ठाचें भिंग आहे तें स्वस्त लेन्समध्यें, महागींत नाहीं. तेव्हां महाग वस्तु सर्व बाबतींत सरसच असते, असें समजूं नये. तिसरी, ८५ मिलिमीटर एफ १.८ जी, ही २०१२ ची. वजन ३५० ग्रॅम. तिचें छिद्र सुमारें ४७ मिलिमीटर रुंद, म्हणजे ५० च्या एफ १.४ हूनहि मोठें. चेहरा चौकटींत तेवढाच ठेवला, तर दूरची पार्श्वभूमि किती विरघळेल हें ह्या व्यासावरच ठरतें. म्हणून ज्यांस पार्श्वभूमि मऊ हवी व ज्यांचेजवळ अंगण किंवा मैदान आहे, त्यांनीं ५० ची महाग लेन्स न घेतां ८५ ची ही लेन्स घेणें शहाणपणाचें.

मंद उजेडासंबंधीं आणखी दोन शब्द. हात हलणें व समोरचा मनुष्य हलणें हे दोन निरनिराळे दोष आहेत. कंप आवरणारी यंत्रणा पहिला दोष कमी करते. दुसऱ्यावर तिचा उपाय नाहीं. गाणाऱ्या किंवा हंसणाऱ्या मुलाचें चित्र स्पष्ट यावयास शटर सेकंदाच्या सुमारें १२५ व्या भागाइतकें तरी जलद असावें. प्रकाश अपुरा पडल्यास संवेदकाची ग्रहणशक्ति, जिला आयएसओ म्हणतात, ती वाढवावी. १६०० च्या जागीं २५०० ठेवली कीं एफ १.४ पासून होणारा लाभ एफ १.८ नेंहि जवळ जवळ पदरांत पडतो. चित्रांत थोडी कणकण दिसेल. पण कणकण असलेला चेहरा ओळखूं येतो, हललेला येत नाहीं.

लेन्स विकत घेण्यापूर्वीं विद्यार्थ्यांनीं दोन गोष्टी कराव्या. आपली झूम लेन्स ५० वर ठेवून आठवडाभर तिला हात न लावतां घरच्या माणसांचीं चित्रें काढावीं. आणि सुतळीनें दीड व अडीच मीटर मोजून ज्या खोलींत चित्रें घ्यावयाचीं तेथें उभें राहून पाहावें. कोणत्याहि दुकानदारापेक्षां हा प्रयोग अधिक खरें उत्तर देईल. शुभवर्तमानांतील बुरूज बांधणाऱ्याचा दाखला आपणां सर्वांस ठाऊक आहेच. अगोदर बसून खर्चाचा हिशेब करावा हा त्यांतील बोध कॅमेऱ्यासहि लागू पडतो. बहुतेक घरांस ५० मिलिमीटर एफ १.८ पुरेशी आहे. एफ १.४ त्यानें घ्यावी, ज्यास अंधारांतच वारंवार काम करावें लागतें व ज्याचा हात तीन सेंटिमीटरांच्या थरांत डोळा नेमका धरण्याइतका तयार झाला आहे.

पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलाची हौस दाबून टाकूं नये. तिला हिशेबाची जोड द्यावी. आणि विद्यार्थ्यांस आम्ही इतकेंच सांगतों: लेन्स कोणतीहि असो, आजीला दुपारीं उत्तरेकडील खिडकीजवळ बसवा, तिच्या दुसऱ्या बाजूस एक पांढरी चादर धरा, आणि तिच्या डोळ्यावर लेन्स साधा. पैसे सांठेपर्यंत थांबूं नका. अधिक चांगली लेन्स पुढील वर्षींहि बाजारांत मिळेल.