आठवड्याची एक पेनी
(लेखांक चौथा)

गेल्या आठवड्यात आपण जर्मनीतल्या हेर्नहुटला होतो. १७३८ मध्ये मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली तिथे जाऊन आले, मोरावियन मंडळींचे छोटे गट त्यांनी जवळून पाहिले, तशा धर्तीचे गट इंग्लंडमध्ये चालवलेही. पण मेथडिस्टांचा जो साप्ताहिक गट पुढे पिढ्यान्‌पिढ्या टिकला, तो जन्मला ब्रिस्टलमधल्या एका इमारतीच्या कर्जापायी.

इमारतीचं नाव न्यू रूम. १७३९ मध्ये वेस्ली ब्रिस्टलच्या आसपास उघड्यावर प्रवचनं करू लागले. किंग्जवुडच्या खाणीतले कोळसा कामगार ऐकायला येत. त्याच वर्षी ही वास्तू बांधायला घेतली आणि कर्ज डोक्यावर बसलं. १५ फेब्रुवारी १७४२ ला ते कसं फेडायचं यावर बैठक झाली. कॅप्टन फॉय यांनी सुचवलं, फिटेपर्यंत प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणीतरी म्हणालं, बऱ्याच जणांची तेवढीही ऐपत नाही. त्यावर फॉय म्हणाले, मग सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. दर आठवड्याला मी त्यांच्याकडे जाईन आणि ज्याला जमणार नाही त्याची पेनी मीच भरीन. अकरा आणि एक, बारा. हाच मेथडिस्टांचा ‘क्लास’.

भिशीत जसे पैसे पुष्कळदा निमित्तमात्र असतात, तसंच इथे झालं. मात्र कुणी ठरवून नव्हे. पेनी मागायला गेलेल्यांना एका घरात नवरा बायकोशी भांडताना सापडला, दुसरीकडे माणूस प्यायलेला. हे कानावर आल्यावर वेस्लींना उमगलं की सभासद कसे जगतात हे कळण्याची जी वाट आपण इतके दिवस शोधत होतो ती हीच.

घरोघर जाणं मात्र फार काळ जमलं नाही. वेळ पुरेना. कित्येक सभासद नोकरचाकर. मालकांना असा पाहुणा दारात नको असे, आणि येऊ दिलंच तर चारचौघांसमोर मनातलं बोलणार काय? शिवाय एकाच क्लासमधल्या दोघांचं बिनसलं तर समोरासमोर बसवल्याशिवाय ते मिटत नसे. म्हणून मग बाराही जण आठवड्यातून एकदा एकत्र बसू लागले. क्लास चालवणाऱ्याला लीडर म्हणत, आणि लीडर स्त्रियाही असत.

आजकाल शहरी चर्चमध्ये एकटेपणावरचा उपाय म्हणून सेल ग्रुप सुचवले जातात. त्यांत बहुधा सूर जुळणारी माणसंच एकत्र येतात, आणि मला तिथेच खोट वाटते. फॉय यांनी आवडीची अकरा माणसं मागितली नव्हती. आपुलकीची भूक आपल्या सगळ्यांनाच असते. नको असलेल्या माणसाशेजारी दर आठवड्याला बसायची तयारी फार थोड्यांची.

वेस्लींना ही अडचण पुरती ठाऊक होती. मार्च १७४३ मध्ये न्यूकॅसलच्या मंडळीची झाडाझडती घेऊन त्यांनी रोजनिशीत हिशेबच मांडला आहे. ६४ जणांना काढून टाकलं: १७ दारूपायी, ३ भांडखोरपणासाठी, एकाला बायकोला मारल्याबद्दल, आणि तब्बल २९ जणांना उथळपणा नि बेपर्वाईसाठी. (या शेवटच्या कलमाखाली आपल्यातले किती वाचले असते?) आणखी ७६ जण आपणहून गेले होते. त्यांचीही कारणं नोंदलेली आहेत. ५ जणांना मालक येऊ देईनात. १२ जणांचे आईबाप राजी नव्हते. ९ जणांना लोकांचं हसणं सोसवेना. एकाला वाटलं, देवाची सेवा करायला अजून पुष्कळ वेळ आहे. आणि दोघांनी सोडलं ते अमुक एक माणूस या मंडळीत आहे म्हणून.

पुढच्या आठवड्यात साताऱ्याला जाऊ. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये तिथे ‘देवाचा दरबार’ भरवला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा दिली.