खुर्चीवरची नमाज

मुंब्रा-कौसा, कल्याण, डोंबिवलीच्या मशिदींत खुर्चीवर बसून नमाज अदा करणाऱ्यांत आता तिशीतली मुलेही दिसतात. त्यांच्यातल्या काहींची कंबर सहारच्या एअर कार्गोत गेली आहे.

प्रवाशाच्या एका बॅगेला निदान 32 किलोची मर्यादा असते. मालाच्या खोक्याला तशी नसते. जड माल फोर्कलिफ्ट उचलते, हे खरे. पण सुटी खोकी पॅलेटवर रचणे, जाळी आवळणे हे हातानेच होते. लहान विमानाच्या पोटात तर उभेही राहता येत नाही. गुडघ्यांवर बसून, कंबर वळवून खोके ढकलायचे. रोलरमध्ये बोट सापडते, पायावरून डॉलीचे चाक जाते, ते वेगळेच.

दुखापत झाली की ठेकेदाराचा माणूस पट्टी बांधून आणतो, थोडे पैसे हातावर ठेवतो आणि आराम करायला घरी धाडतो. घरात आपण शुक्र मानतो. कागद मात्र कुठेच राहत नाही, आणि सहा महिन्यांनी कंबर धरली की विचारायचे कोणाला?

महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार ईएसआयच्या कक्षेत येतो, ठेकेदाराकडचाही. ठेकेदाराने हप्ता बुडवला तर मूळ कंपनीला भरावा लागतो. कामावरच्या दुखापतीसाठी इतके महिने नोकरी झालीच पाहिजे अशी अट नाही. पहिल्या दिवशी लागले तरी हक्क आहे. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बुडाले, तर बरे होईपर्यंत पगाराच्या सुमारे 90 टक्के भत्ता मिळतो. कायमचे अधू झाल्यास मासिक रक्कम वेगळी.

पण हे सगळे अडते नोंदीपाशी. अपघात नोंदवहीत त्याच दिवशी नाव लिहून घ्यावे. जखमीच्या वतीने सोबत्यालाही ते करता येते. दवाखान्याच्या केसपेपरवर ‘कामावर लागले’ असेच लिहवावे. नोकरी जाईल या भीतीने ‘घरी पडलो’ सांगितले की दावा तिथेच लंगडा होतो. मजुरी वेळेवर द्यावी, हे जुम्याच्या बयानात आपण नेहमी ऐकतो. जखमेच्या मोबदल्यावरही इमामसाहेबांनी एखादा जुमा बोलावे, असे आम्हाला वाटते.

अजून एक. 2010 पासून घर ते कामाच्या जागेदरम्यानचा अपघातही, वेळ आणि वाट कामाशी जुळत असेल तर, कामावरचाच धरला जातो. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातून माणसे पडून दगावली, तेव्हा ही तरतूद किती घरांना माहीत होती? भावाच्या, शोहरच्या पगारपत्रकावर ईएसआयचा क्रमांक आहे का, ते आजच पाहून घ्या. ठाण्यात वागळे इस्टेटला आणि उल्हासनगरला योजनेची रुग्णालये आहेत.