आकाशातली शर्यत, जमिनीवरचा नियम

शिरूर-दौंडच्या पट्ट्यातल्या माणसाला शर्यत म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. घाटात बैलगाडा सुटतो तेव्हा सुटण्याची जागा ठरलेली असते, निशाण ठरलेलं असतं आणि सेकंद मोजणारं घड्याळ चालू असतं. या तीन गोष्टी नसतील तर बारी कितीही देखणी झाली तरी नंबर लागत नाही. शंभरएक वर्षांपूर्वी सुरू झालेल्या फ्लाइंग क्लबांनी विमानोड्डाणाच्या बाबतीत हेच केलं. त्या काळातल्या वैमानिकांच्या धाडसाच्या गोष्टी आपण आवडीने सांगतो. ते धाडस मोजणारे, पारखणारे आणि दुसऱ्याला शिकवता येईल असं करणारे क्लब मात्र आपल्या आठवणीत फारसे नाहीत. माझ्या मते त्यांचं मोठेपण कोणी किती लांब उडालं यात नाही. उड्डाण ही एकट्यादुकट्याची करामत न राहता शिकता येणारी, परीक्षा देता येणारी विद्या झाली, यात ते आहे.

बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ मध्ये जुहूला सुरू झाला. त्याच सुमारास दिल्ली, कलकत्ता आणि कराचीलाही क्लब उभे राहिले आणि सरकारने त्यांना अनुदान दिलं. क्लबांकडे होती ती द हॅविलंड कंपनीची ‘मॉथ’ विमानं. सांगाडा लाकडाचा, वर कापडाचं आवरण, दुमडून ठेवता येणारे पंख आणि एकामागे एक अशा दोन उघड्या बैठका. पुढे शिक्षक, मागे शिकणारा. रेडिओ नव्हता. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू यावं म्हणून दोघांमध्ये एक बोलनळी असे आणि तिच्यातून शिक्षकाच्या सूचना विद्यार्थ्याच्या कानात पोचत. जे. आर. डी. टाटा अशा शिकवणीच्या अवघ्या पावणेचार तासांनंतर एकटे उडाले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना त्यांना मिळाला. पण हा परवाना नुसतं उडून मिळत नसे. दोन खुणांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या घिरट्या ठरलेल्या संख्येने घ्याव्या लागत. इंजिन बंद करून, नुसत्या तरंगत्या विमानाने, नेमून दिलेल्या जागेच्या जवळ उतरावं लागे. इंजिन कधी दगा देईल याचा नेम नसलेल्या त्या काळात हे कसब जीव वाचवणारं होतं. क्लबांच्या मेळाव्यांमधली नेमक्या खुणेवर विमान उतरवण्याची चुरस दिसायला खेळ असली तरी तिच्यामागे हाच सराव होता.

या पद्धतीची खरी कसोटी १९३० मध्ये लागली. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हे अंतर ठरलेल्या मुदतीत एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखान यांनी ५०० पौंडांचं बक्षीस जाहीर केलं होतं. तिघे उतरले. मनमोहन सिंग आणि अस्पी इंजिनियर इंग्लंडहून निघाले, तर जेआरडी कराचीहून उलट दिशेने. वाटेत इजिप्तमधल्या अबुकीरच्या विमानतळावर जेआरडी उतरले तेव्हा अस्पी तिथेच अडकून पडले होते. त्यांच्या इंजिनाला स्पार्क प्लग हवे होते आणि जवळ जादा प्लग नव्हते. जेआरडींनी आपल्याकडचे दिले, दोघे आपापल्या दिशेने निघाले आणि अस्पी थोडक्या फरकाने जिंकले. मनमोहन सिंग पोचले होते, पण वाटेतल्या अडचणींमुळे मुदत ओलांडली गेली आणि बक्षीस हुकलं.

स्पर्धेमुळे माणसं बेफाम होतात, जिवावर उदार होतात, असा आक्षेप तेव्हाही घेता आला असता आणि आजही घेतला जातो. तो पोकळ नाही, कारण त्या काळात विमानं पडत आणि माणसं मरत. पण १९३० च्या या स्पर्धेने दाखवलेल्या दोन गोष्टी पाहायला हव्यात. मुदत मोडली म्हणून एका शूर माणसाला बक्षीस नाकारलं गेलं, म्हणजे नियम पराक्रमापेक्षा वरचा ठरला. आणि प्रतिस्पर्ध्याला आपले सुटे भाग देणाऱ्याला आपण मूर्खपणा करतो आहोत असं वाटलं नाही, कारण दोघे एकाच विद्येचे विद्यार्थी होते. बेफिकिरी मोजमाप नसलेल्या जागी वाढते. घड्याळ, अंतर आणि साक्षीदार असले की माणूस तयारीला लागतो.

मोजमापाचं हे महत्त्व आपल्याकडे मुद्दाम सांगावं लागतं, याचं कारण शिवकर बापूजी तळपदे यांची कथा. १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर त्यांनी विमान उडवल्याचं अनेक मराठी घरांत अभिमानाने सांगितलं जातं. तळपदे यांची जिज्ञासा खरी होती आणि तिचा आदर व्हायलाच हवा. पण त्या उड्डाणाची विश्वासार्ह समकालीन नोंद आजवर पुढे आलेली नाही. त्याच्या समर्थनार्थ पुढे केला जाणारा ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ विसाव्या शतकात सांगून लिहवला गेला आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये काढला. ही चिकित्सा म्हणजे आपल्याच माणसाचा अपमान, असं काहींना वाटतं. मला उलट वाटतं. अभिमान बाळगायचा तर तो तपासता येईल अशा गोष्टीचा बाळगावा आणि जुहूच्या मैदानावरून उडालेल्यांचा इतिहास तसा तपासता येतो.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. हे क्लब साहेबांचे, उद्योगपतींचे आणि शहरी श्रीमंतांचे होते. यवतच्या शेतकऱ्याच्या पोराला तिथे वाव नव्हता. हे खरंच आहे आणि त्यावर पांघरूण घालू नये. तरीही टाटांच्या वारसाला हरवणारे अस्पी हे रेल्वेतल्या एका इंजिनियरचे अवघ्या सतरा वर्षांचे चिरंजीव होते. त्याच वर्षी आर. एन. चावला यांच्यासोबत ते कराचीहून इंग्लंडला उडत गेले होते. पुढे १९६० ते १९६४ या काळात ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते. दाराशी पैसा आणि ओळख लागे, पण आत गेल्यावर खुणेचे खांब कुणाचं घराणं विचारत नसत. म्हणून दोष परीक्षेला देऊ नये, तो त्या अरुंद दाराला द्यावा.

दार थोडं रुंद होण्याची सुरुवात आपल्या भागाजवळच झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले आणि टाटांची हवाई टपालसेवा सुरू झाली. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा विमानं, वैमानिक आणि मेकॅनिक पुण्यात येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर हलत. मग १९५० मध्ये हडपसरला सरकारी ग्लायडिंग केंद्र उभं राहिलं. ग्लायडरला इंजिन नसतं. विंचच्या तारेने ते वर खेचलं जातं आणि तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेत, घारीसारख्या घिरट्या घालत, उंची कमावतं. इथेही कसोट्या जगभर एकच आहेत: रौप्य बिल्ल्यासाठी पाच तास हवेत राहणं, १,००० मीटर उंची कमावणं आणि ५० किलोमीटर अंतर कापणं. उंचीचा पुरावा म्हणून पूर्वी बॅरोग्राफ नेत. त्यातल्या फिरत्या नळकांड्यावर सुई रेघ ओढत जाई आणि त्याला उड्डाणाआधी अधिकृत निरीक्षक सील लावे. वैमानिकाच्या शब्दापेक्षा त्या रेघेला किंमत होती. हडपसरहून सरळ पूर्वेला ५० किलोमीटर म्हणजे यवतच्या पुढे, पाटसच्या अलीकडे. सोलापूर रस्त्याकडेची आपली शेतं ओलांडली की जगात कुठेही मानलं जाणारं अंतर पूर्ण होतं.

आज विमान क्षेत्रातल्या नोकऱ्यांच्या जाहिराती गावोगाव पोचल्या आहेत आणि आईबाप जमीन विकून मुलांना वैमानिक करायला निघतात. त्यांना जुन्या क्लबांकडून घेण्यासारखं एकच आहे: आधी कसोटी, मग खर्च. शाळेत मॉडेल विमानांची स्पर्धा भरवता येते. किती सेकंद हवेत राहिलं, खुणेपासून किती मीटरवर उतरलं, हे मुलांनीच मोजून वहीत लिहायचं. त्याला लाखो रुपये लागत नाहीत. लागतं ते घड्याळ, मोजपट्टी आणि निकाल मान्य करणारा शिक्षक. जिल्हा परिषदेच्या शाळांनी हे मनावर घेतलं, तर क्लबांनी श्रीमंतांच्या अंगणात रुजवलेली शिस्त तिच्या खऱ्या हक्कदारांपर्यंत पोचेल.