त्सो कार सरोवरावरची एक सकाळ

गावाजवळच्या तळ्यावर तुम्ही बगळे पाहिले असतील. आज आपण फार उंचावरच्या एका सरोवराकडे जाऊ. त्याचे नाव त्सो कार. ते लडाखमध्ये चांगथांगच्या पठारावर आहे. तिथल्या भाषेत ‘त्सो’ म्हणजे सरोवर आणि ‘कार’ म्हणजे पांढरे. याचे पाणी खारट असून काठावर मिठाचा पांढरा थर साचतो. शेजारीच गोड्या पाण्याचे एक लहान सरोवर आहे. दोन्ही सरोवरे समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहेत.

जुलै महिना आहे, असे समजा. तरीही पहाटे थंडीने बोटे बधिर होतात. हवा विरळ असल्यामुळे भरभर चाललात, तर लगेच धाप लागेल. म्हणून सावकाश चाला. भडक रंगाचे कपडे घालू नका. सूर्य पाठीमागे ठेवून बसा, म्हणजे पक्ष्यांचे रंग स्पष्ट दिसतील.

आता दुर्बीण डोळ्यांना लावा. पाण्यावर राखाडी रंगाचे हंस पोहत आहेत. त्यांच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे दिसतात ना? हे पट्टकादंब. त्यांचे रक्त विरळ हवेतूनही पुरेसा प्राणवायू घेते. त्यामुळे ते हिमालय ओलांडू शकतात. हिवाळ्यात या जातीचे पक्षी आपल्या महाराष्ट्रातही, पैठणजवळच्या जायकवाडी जलाशयावर येतात. पलीकडचे केशरी रंगाचे पक्षी म्हणजे चक्रवाक.

हे पक्षी एवढ्या उंचावर का येतात? हिवाळ्यात इथले पाणी गोठते. उन्हाळ्यात बर्फ वितळते, दलदलीत गवत उगवते आणि किडे होतात. पिलांना भरपूर अन्न मिळते.

तेवढ्यात दूरवरून खणखणीत आवाज येतो. दलदलीत उंच पायांचे दोन पक्षी उभे आहेत. मान काळी, माथा लाल. हे काळ्या मानेचे क्रौंच! २०२१ मध्ये लडाखने या पक्ष्याला आपला राज्यपक्षी ठरवले. मादी बहुधा दोनच अंडी घालते. नर आणि मादी आळीपाळीने ती उबवतात. पाहा, त्यांच्या पायांजवळ तपकिरी रंगाचे एक पिलू आहे.

पण काठाने एक भटका कुत्रा येत आहे. नर पंख पसरून त्याच्यावर धावून जातो. कुत्रा मागे हटतो. आज पिलू वाचले. दर वेळी असे होत नाही. भटके कुत्रे अंडी आणि पिले खातात. माणसांनी टाकलेल्या उरल्यासुरल्या अन्नावर हे कुत्रे पोसले जातात.

२०२० मध्ये या सरोवरांचा समावेश जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला. परंतु केवळ यादीमुळे पिलू वाचत नाही. तुम्ही कोणत्याही तळ्यावर पक्षी पाहायला जाल, तेव्हा घरट्यापासून दूर राहा, हळू बोला आणि उरलेले अन्न परत घेऊन या. एवढे तर आपण नक्कीच करू शकतो!