फ्लॉपी वाचत नाही? आधी हेड पुसा

सुरतेतल्या वराछा, उधना भागांतल्या जुन्या एम्ब्रॉयडरी मशीनच्या पॅनलवर साडेतीन इंची फ्लॉपीची फट अजूनही दिसते. ऑफिसातून फ्लॉपी कधीच हद्दपार झाली. सोनीनेही २०११ मध्ये जपानात तिची विक्री थांबवली. पण भरतकामाला १.४४ मेगाबाइट पुरून उरतात. सर्रास चालणाऱ्या डीएसटी फाइलमध्ये एका टाक्याला तीन बाइट लागतात. म्हणजे ५० हजार टाक्यांचं डिझाइन जेमतेम १५० किलोबाइटचं.

मशीनने एरर दाखवला की ड्राइव्ह गेला, असं लगेच ठरवलं जातं. बऱ्याचदा तो नुसता मळलेला असतो. हार्ड डिस्कचं हेड तबकडीवर तरंगतं, फ्लॉपीचं मात्र थेट तिला टेकतं आणि तबकडी मिनिटाला ३०० फेरे घेते. म्हणून तबकडीवरचा मळ हेडला लागतो आणि हेडवरचा पुढच्या फ्लॉपीला. कारखान्यात धाग्याचे तंतू नि तेल असतंच. वर पावसाळी दमट हवेने बुरशी धरते. पत्र्याची झडप सरकवून तबकडी उजेडात फिरवून बघा. पांढुरके ठिपके दिसले, तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका. तिने माखलेलं हेड चांगल्या फ्लॉप्यांवरही चरे पाडतं.

सफाई सोपी आहे, घाई नको. वीज बंद करून ड्राइव्ह उघडा. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओली करा आणि दोन हेडांच्या मधल्या फटीतून हलकेच फिरवा. वरचं हेड पातळ लवचीक पत्र्यावर तोललेलं असतं. ते बोटाने उचललं नि पत्रा वाकला, की दुरुस्ती जवळपास अशक्यच. कापसाचा तंतू मागे राहू देऊ नका. हेड सरकवणाऱ्या स्क्रूवरचं ग्रीस सुकलं असेल तर पुसून टिपूसभर नवं लावा. शिलाई मशीनचं तेल तिथे नको, ते ओघळून तबकडीपर्यंत पोहोचतं.

एवढं करूनही एका ड्राइव्हची फ्लॉपी दुसरा वाचेना, तर हेडची रेषा सरकलेली असू शकते. दोन ट्रॅकमधलं अंतर ०.१९ मिलिमीटरच्या आसपास. तिथे थोडा फरकही भारी पडतो. असा ड्राइव्ह स्वतः लिहिलेलं बिनबोभाट वाचतो, इतरांना मात्र ते लागत नाही.

हल्ली बरेच जण फ्लॉपी ड्राइव्ह काढून त्याच जागी, त्याच ३४ पिनांच्या केबलला पेनड्राइव्हचा एमुलेटर जोडतात. सोय उत्तम आहे, पण एमुलेटर जुनी फ्लॉपी वाचत नाही. तेव्हा ड्राइव्ह भंगारात देण्याआधी तो साफ करा आणि सगळी डिझाइनं कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. रेषा सरकलेली असली तरी स्क्रू फिरवून ती आधी ‘सरळ’ करू नका. त्या ड्राइव्हने लिहिलेल्या फ्लॉप्या कदाचित त्यालाच वाचता येत असतील.