साठ दिवस आधीं मांडलेलें पान



आपल्याकडे पंगतीचें बोलावणें येतें, यजमान पान मांडतो आणि पाहुण्यानें फक्त वेळेवर जावयाचें असतें. परंतु परक्या देशांत, हजारों लोकांच्या गर्दींत, स्वतःच्या खर्चानें जेवावयाचें असेल तर पान मांडण्याचें काम पाहुण्यालाच करावें लागतें. आणि तेंहि दोन महिने आधीं. 'दोन महिने' म्हणालों खरा, पण याच दोन शब्दांनीं माझी फजिती केली. ती हकीकत पुढें येईलच.

हल्लीं आपल्या शहरांतील पुष्कळ घरांतून एखादा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेंत असते. आईबाप त्यांच्याकडे जातात, आणि नातवंडांच्या हौसेखातर फ्लॉरिडांतील ऑर्लँडो शहराजवळच्या वॉल्ट डिस्नी वर्ल्डचा बेत ठरतो. १ ऑक्टोबर १९७१ रोजीं उघडलेलें हें स्थळ म्हणजे एखादी बाग नव्हे. तो सुमारें ४० चौरस मैलांचा मुलूखच आहे. मॅजिक किंग्डम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंग्डम अशीं चार थीम पार्क व राहण्याचीं अनेक हॉटेलें त्यांत आहेत.

तेथील भोजनाच्या जागा मुख्यतः दोन प्रकारच्या. पहिल्या प्रकारांत खिडकीपाशीं जाऊन, अथवा मोबाइलवरून मागणी नोंदवून, आपलें ताट आपणच उचलून आणावयाचें. दुसऱ्या प्रकारांत टेबलाशीं बसावयाचें आणि वाढपी वाढणार. या दुसऱ्या प्रकारच्या जागा मोजक्या असतात, आणि भूक मात्र सर्वांना एकाच वेळीं लागते. कांहीं ठिकाणीं तर जेवणाबरोबर कथेंतलीं पात्रें मुलांना भेटावयास येतात. सिंड्रेलाच्या किल्ल्यांतील 'सिंड्रेलाज रॉयल टेबल' किंवा कंटेंपररी हॉटेलांतील 'शेफ मिकीज' हीं अशींच स्थळें होत. तेथें ऐनवेळीं जाऊन जागा मागणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय.

म्हणून तेथें आगाऊ आरक्षणाची पद्धत आहे. ज्या दिवशीं जेवावयाचें त्याच्या ६० दिवस आधीं नोंदणी खुली होते. डिस्नीच्याच हॉटेलांत उतरणाऱ्यांना एक सवलत आहे: येण्याच्या दिवसाआधीं ६० दिवस मोजावे, आणि त्या एकाच सकाळीं मुक्कामाच्या पहिल्या १० दिवसांपर्यंतचीं सर्व जेवणें नोंदवून टाकावीं. नोंदणी संकेतस्थळावर पहाटे सहाच्या सुमारास सुरू होते; अर्थात् फ्लॉरिडाच्या घड्याळानें.

येथेंच आमच्यासारख्या घरबसल्या म्हाताऱ्यांचा उपयोग होतो. माझा मुलगा कॅलिफोर्नियांत राहतो. फ्लॉरिडांत सहा वाजतात तेव्हां त्याच्याकडे रात्रीचे तीन वाजलेले असतात. पुण्यांत मात्र हिवाळ्यांत सायंकाळचे साडेचार, उन्हाळ्यांत दुपारचे साडेतीन. (मार्चच्या दुसऱ्या रविवारीं अमेरिकेंत घड्याळें एक तास पुढें करतात, व नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीं पुन्हां मागें घेतात, म्हणून हा फरक.) मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचा तो चहाचा वेळ. माझ्या खात्यांतून तुम्हीच नोंदवाल का?" जन्मभर गणित शिकविलेल्या माणसाला याहून सोपें काम कोणतें?

आमचा मुक्काम २०२५ च्या ५ एप्रिलपासून होता. ६० दिवस म्हणजे दोन महिने असें मीं मनाशीं धरलें, आणि ५ फेब्रुवारीस चहाचा पेला घेऊन संगणकापुढें बसलों. वस्तुतः मागें मोजावयाचें तें असें: एप्रिलचे ५ व मार्चचे ३१ मिळून ३६, उरले २४, ते फेब्रुवारीच्या २८ मधून वजा केले कीं येते ४ फेब्रुवारी. मी एक दिवस चुकलों होतों. वर्गांतल्या पोराकडून असें झालें असतें तर मीं त्याला बाकावर उभें केलें असतें! पहिल्या दिवशीं साडेबाराची जागा हवी होती, ती गेलेली होती. दुपारीं तीनची शिल्लक होती. अडीच तासांनीं काय बिघडणार, असें म्हणून मीं ती घेतली.

बिघडलें तें असें. माझ्या पत्नीस मधुमेह आहे. तिनें नेहमींच्या वेळेस गोळी घेतली, आणि जेवण मात्र तीनला. सव्वादोनच्या सुमारास, रांगेंत उभी असतां, तिच्या हातांना कंप सुटला, कपाळावर घाम आला आणि ती बोलतां बोलतां थांबली. आम्हां सर्वांच्या तोंडचें पाणी पळालें. आठ वर्षांच्या नातीनें आपल्या पिशवींतली संत्र्याच्या रसाची डबी पुढें केली, म्हणून पुढचा अनर्थ टळला. सावलींत बसल्यावर पत्नी एवढेंच म्हणाली, "किल्ला राहूं दे, आधीं पोळी दे." त्या दिवशीं मला उमगलें कीं आरक्षण हा चैनीचा भाग नसून प्रकृतीचा आहे.

तात्पर्य, प्रथम भोजनालय निवडूं नये. प्रथम वेळ निवडावी. घरांतल्या सर्वांत अशक्त माणसाचें औषध आणि सर्वांत लहान मुलाची झोप, या दोन गोष्टी कागदावर मांडाव्या, आणि त्यांना सोयीची वेळ घ्यावी. दुसरें, त्या दिवशीं जें उद्यान पहावयाचें त्याच्याच आंत किंवा लगत जेवण असावें. एका टोकाकडून दुसऱ्या टोकास जाण्यांत तासभर सहज मोडतो. तिसरें, उद्यानाच्या आंतील भोजनालयास त्या उद्यानाचें प्रवेशपत्र लागतेंच. हॉटेलांतील भोजनालयास तें लागत नाहीं. चौथें, दिवसाकाठीं एकच आरक्षण पुरे. दोन केलीं कीं मुलें खेळ सोडून घड्याळामागें धावूं लागतात.

नोंदवितांना माणसें मोजावयाचीं तीं तान्ह्या मुलासकट. तारीख वाचतांना लक्षांत ठेवावें कीं अमेरिकन माणूस आधीं महिना लिहितो व मग दिवस. त्याचें ४/५ म्हणजे ५ एप्रिल, ४ मे नव्हे. नोंदणीस बँकेचें कार्ड द्यावें लागतें. न कळवितां गैरहजर राहिल्यास बहुतेक ठिकाणीं माणशीं १० डॉलर कापले जातात. पांच माणसांचे ५० झाले. मात्र सामान्यतः दोन तास आधींपर्यंत रद्द करतां येतें. बेत बदलला तर अवश्य रद्द करावें. पैसे वांचतात हें खरेंच, पण आपण सोडलेल्या खुर्चीवर दुसऱ्या कोणाची तरी आजी वेळेवर जेवते, हें अधिक महत्त्वाचें.

शाकाहारी मंडळींनीं भोजनालयाची पदार्थांची यादी आधींच वाचावी, आणि बसल्यावर वाढप्यास स्पष्ट विचारावें. भाजीच्या दिसणाऱ्या सारांतहि तिकडे कोंबडीचें पाणी असूं शकतें. अ‍ॅनिमल किंग्डम लॉजमधील 'सनाआ' येथें आफ्रिकन व भारतीय चवींचा मेळ घातलेला आहे. नानसारख्या रोट्या आणि अनेक चटण्या समोर येतात, आणि खिडकीबाहेर जिराफ व झेब्रे चरतांना दिसतात. आमच्या घरांत त्या जेवणाची आठवण किल्ल्यापेक्षां अधिक निघते.

इतकें करूनहि जागा न मिळाली तर निराश होऊं नये. लोक आरक्षणें रद्द करीत असतात, विशेषतः आदल्या दिवशीं व त्याच सकाळीं. तेव्हां पुन्हां पहावें. शिवाय उद्यानांत घरचे कोरडे पदार्थ नेण्यास मुभा आहे. फक्त कांचेचीं भांडीं व मद्य चालत नाहीं. खिडकीवरच्या भोजनालयांत बर्फाचें पाणी मागितल्यास फुकट मिळतें. तेव्हां पिशवींत दशम्या असाव्या आणि रसाची एक डबी असावी.

पुढच्या वर्षीं पुन्हां जाण्याचा बेत आहे. या खेपेस ६० दिवसांची मोजणी मीं केली आणि नातीनें तपासली. तिचें उत्तर व माझें उत्तर जुळलें, तेव्हांच आम्हीं ती तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत तांबड्या शाईनें लिहिली. खालीं माझ्या पत्नीनें आपल्या हातानें जेवणाची वेळ घातली आहे: साडेबारा.